कोलम नसलेली सकाळ

हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाशी लोक फार गोड वागतात, आणि गोड वागणुकीचा मला जन्मभर संशय येत आला आहे. इस्पितळातून सोडताना त्यांनी आम्हा दोघा पेशंटांसाठी केक कापला. आमच्या दोघांच्या छात्या एकाच दिवशी उघडल्या होत्या. मागे ‘पुनर्जन्म’ असा तमिळ फलक, पुढे फोटोग्राफर. केक खायला आम्हाला मनाई होती, तो फोटोग्राफरने खाल्ला. शिवाय एकेक लाल, बदामाच्या आकाराची उशी मिळाली, खोकला आला की छातीशी घट्ट धरायला. त्या सगळ्या सोहळ्यात उपयोगाची वस्तू तेवढीच.

दुसरे पेशंट पापनाशमचे, भाताचे व्यापारी. मी तंजावुरात कॉलेजवर इतिहास शिकवायचो हे कळल्यापासून ते मला ‘सार’ म्हणत. घरी आल्यावर रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई. पायाची शीर काढली तिथे झोंबतं का, जेवणाला चव लागते का, अशी चौकशी आधी. मग खरा विषय.

“सार, आज रडलात?”

“साबणाच्या जाहिरातीला.”

“मी शेजाऱ्याच्या म्हशीकडे बघून.”

काही दिवस मन हळवं राहील, एवढं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले होते. बायकोला सांगायची सोय नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की ती बीपीचं मशीन घेऊन येई. त्या फोनमुळे मात्र वाटे, आपल्याला वेड लागलं असेल तरी सोबत आहे.

एका संध्याकाळी फोन आला नाही. मी केला, तर बंद.

“दुरुस्तीला दिलाय म्हणे,” बायको म्हणाली.

“कोण म्हणालं?”

“म्हणजे, दिला असेल.”

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना लेकीकडे तिरुचीला धाडलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, तर इडली गार होते आहे असं कळलं. एकाच घटनेचे इतके वृत्तांत कानी आले की कुणीतरी काहीतरी दडपतं आहे, एवढं माझ्या विषयाने मला शिकवलं आहे.

त्यात ती स्वयंपाकघरात फोनवर हलक्या आवाजात तमिळ बोलताना ऐकू आली. आमच्या घरात चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच चालते. बोलण्याची चाल तमिळ, पण भाषा मराठी. लाड तिच्यात, भांडणं तिच्यात. तमिळ उंबरा ओलांडून आत येते ती बहुधा डॉक्टरांबरोबर नाहीतर वाईट बातमीबरोबर. मी दारात दिसताच तिने फोन ठेवला.

“कोण होतं?”

“दूधवाला.”

दूधवाल्याशी कुणी असं कुजबुजत नाही. माझी खात्री झाली, ते गेले. दिवस तोच, डॉक्टर तेच, उशीदेखील तीच. मग माझं काय निराळं होणार होतं? आणि मला रोज ‘रडलात?’ असं विचारणार कोण?

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं. मी ओट्यावर जाऊन लोखंडी जाळीमागच्या खुर्चीत बसलो, आणि पाहिलं तर दार कोरडं. आमच्या गल्लीत भल्या सकाळी प्रत्येक दारात सडा घालून तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात. घरात कुणी गेलं की ते थांबतं. पापनाशमच्या व्यापाऱ्यांचं सुतक आम्हाला लागत नाही, एवढं शास्त्र मलाही कळतं. पण घाबरलेला माणूस पुरावा बघतो, शास्त्र नंतर.

तेवढ्यात दारापुढे गाडी थांबली. पांढरी वेष्टी नेसलेले, वाळलेले असे ते उतरले. काखेत लाल उशी. त्यांनी कोरड्या दाराकडे पाहिलं, वहाणा रस्त्यातच काढल्या आणि उभ्या उभ्या रडायला लागले. जाळीमागचा मी त्यांना दिसत नव्हतो.

“अम्मा,” त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, “मला कुणी कळवलंसुद्धा नाही! सार कधी गेले?”

“कुठे?” मी आतून विचारलं.

त्यांनी उशी अशी आवळली की तिची शिवण उसवली. मग आम्ही हसलो. शिवलेल्या छातीने हसणं ही शिक्षा असते. माझी उशी आत राहिली होती, म्हणून मी खुर्चीची गादी धरली. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे लागलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

बायको मोकळ्या केसांनी धावत आली. गाडीतून त्यांची बायको उतरली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कट फुटला. संध्याकाळच्या बोलण्यानंतर दोघांचंही बीपी चढतं, म्हणून यांनी आपसात ठरवून फोन बंद पाडला होता. तिकडे त्यांना सांगितलं होतं की मी मुलाकडे चेन्नईला गेलोय. त्यांना ते पटलं नाही, म्हणून बायकोला घेऊन ते खात्री करायला आले होते.

“मग कोलम का नाही घातलंस?” मी मराठीत विचारलं.

“झोप लागली.” चोरी कबूल करावी तसं ती म्हणाली. “ऑपरेशन झाल्यापासून रात्री तुमचा श्वास ऐकत पडायचे. काल तुम्ही घोरलात. म्हटलं, आता हे घोरतायत, म्हणजे काळजी नाही. मग जागच आली नाही.”

इतक्या दिवसांत मी घरातल्या सगळ्यांवर संशय घेतला होता. कुणी माझ्याइतकंच घाबरलं असेल, हा संशय तेवढा आला नव्हता.

तिने पिठाची वाटी आणली आणि पाहुण्यांना उन्हात थांबवून कोलम काढायला बसली.

“अम्मा, मी पेशंट आहे.”

“पेशंट न सांगता पापनाशमहून येत नाहीत. तिकडे सरका, पुसेल.”

दुःखाला आलेला माणूस आमच्याकडे निघताना ‘जाऊन येतो’ म्हणत नाही, मुकाट उठतो. ते कॉफी पिऊन निघाले तेव्हा दारात ‘जाऊन येतो’ म्हणाले, मग कोलम ओलांडताना म्हणाले, मग गाडीच्या काचेतून ओरडून म्हणाले.

“फोन दहा मिनिटं,” गाडी गेल्यावर बायकोने निकाल दिला.

“आणि त्यात रडून झालं नाही तर?”

“उरलेलं इथे रडा. मशीन आणणार नाही.”

संध्याकाळी तिने खरंच आणलं नाही. मी उठून पाहून आलो, कपाटातच होतं.