सासूबाईंचं माहेरचं नाव

मैत्रिणींनो, आज दुपारपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहिते.

कुलदेवीच्या देवळात लावायला आमच्या घराण्याची वंशावळ करताहेत. त्यासाठी धाकटे दीर गव्हाणहून जुने फोटो घेऊन आमच्याकडे पनवेलला आले. त्यात दोन वेण्यांची एक शाळकरी मुलगी निघाली. मागे नाव लिहिलेलं, यमुना.

"आपल्या घरात यमुना कोण नाय. टाका कचऱ्यात, वहिनी."

मी फोटो उजेडात धरला. आजारपणात सासूबाईंचं तोंड मीच पुसायचे, भुवईवरचा तो व्रण मला पाठ आहे.

"भावजी, ही तुमची आई."

"आईचं नाव लक्ष्मी होतं."

ते लग्नात ठेवलेलं. त्याआधीचं नाव दोन्ही मुलांनी आईला कधी विचारलंच नव्हतं. दीर हसले. "जाऊ द्या. वंशावळीत बायका कुठं लिवतात?"

मी यजमानांकडे वळले. "माझं माहेरचं नाव सांगा बघू."

ते म्हणाले, "आधी चहा टाक."

तुमचंही नाव लग्नात बदललं असेल, तर घरात कोणाला आठवतंय का, विचारून बघा. मी रोज देवीपुढे या घराचं कुशल मागते. ती तरी मला कुठल्या नावानं ओळखत असेल?