बाकावरून बाकावर

टिटवे,

हे नाव तुला मीच दिलं. लग्न होऊन तू आमच्या घरात आलीस आणि पहिल्याच रविवारी चर्चमध्ये अशा पट्टीत गायलीस की ऑर्गनवर माझी बोटं चुकली. सगळे हसले. तूही हसलीस, आणि हसता हसता सासूबाईंना खिशात घातलंस. थोरली सून मी, कॉलेजात शिकवणारी; पण जेवताना त्यांना शेजारी तूच लागायचीस. तेव्हापासून माझी जळजळ सुरू झाली, ती कुठल्याच गोळीने थांबली नाही.

भाऊजी गेल्यावर पडद्यांचं दुकान तू एकटीने रेटलंस. गिऱ्हाइकाच्या घरी जायचीस खिडकीचं माप घ्यायला, आणि यायचीस त्या घरातली भांडणं, गुडघेदुखी आणि हरवलेलं मांजर असं सगळं मापून. मला वाटायचं, काय भोचक बाई आहे!

मग साथ आली. हिवाळ्यात चर्चला कुलूप लागलं. पाळकांनी कॉम्प्युटरवर उपासना सुरू केली, पण आपल्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ती दिसेना, उरलेल्यांना ऐकू येईना. तेव्हा तू युक्ती काढलीस. रविवारी उपासनेच्या वेळेला प्रत्येकाने बाकावरच्या आपल्या शेजाऱ्याला फोन करायचा, त्या दिवशीचं बायबलातलं वचन सांगायचं, तब्येत विचारायची. बाक संपलं की कडेच्याने मागच्या बाकावर फोन लावायचा. सुरुवात तुझी, शेवट दाराजवळ बसणाऱ्या घड्याळजींचा.

मला हे कळलं ते घड्याळजींकडूनच. माझं घड्याळ दुरुस्त झाल्याचं सांगायला त्यांनी फोन केला होता.

"आजच्या वचनाने काय धीर आला, नाही का बाई?"

"हो, फारच," मी म्हणाले. कुठलं वचन, देव जाणे.

पुढच्या रविवारी मी शाल लपेटून फोन मांडीवर घेऊन बसले. पुस्तक उघडलं, पण पान काही उलटेना. समोरच्या खिडकीत नर्सबाई फोनवर हसत होत्या. त्या दुसऱ्या बाकावर बसतात. अख्खं चर्च एकमेकांच्या कानाशी लागलेलं आणि माझा फोन दगडासारखा गार. असे आणखी काही रविवार गेले, मग मीच तुला फोन लावला.

"मी मेले असं जाहीर झालंय का गं?"

"अगं बाई, ताई! काय झालं?"

"सगळ्यांना फोन जातो. मला कोण करणार?"

तू चक्क हळू आवाजात म्हणालीस, "अहो ताई, मी डोळे मिटून एकेक बाक आठवत गेले. तुम्ही कुठल्याच बाकावर नसता. आम्हाला नुसती तुमची पाठ दिसते."

"आणि पाठीला फोन नसतो वाटतं!"

तू अशी खिदळलीस की मलाही हसू फुटत होतं. मी ते दाबलं.

त्यानंतर घड्याळजी मला फोन करू लागले आणि मी तुला. माझ्यापर्यंत येईतो त्या वचनाला सगळ्यांचे निरोप चिकटलेले असायचे. नर्सबाई म्हणाल्या, टिटवीला जप म्हणावं. माळीबुवा म्हणाले, टिटवी होती म्हणून हा हिवाळा निघाला. टिटवी, टिटवी! आणि हे गोड गोड सगळं मी माझ्या तोंडाने तुला पोचवायचं. दुसऱ्यांची प्रेमपत्रं वाटणाऱ्या पोस्टमनसारखं. वर तुझा हट्ट, "ताई, आता पियानो!" मी घरच्या पियानोवर वाजवायचे, तू तिकडून बेसूर गायचीस. आठवडाभर मी त्याचीच वाट बघायचे, हेही लिहूनच टाकते.

एकदा तू म्हणालीस, "चर्च उघडलं की ऑर्गन जरा वळवून घेऊ. तुमचं तोंड दिसू दे की आम्हाला." मी सुताराला गाठलं. तो म्हणाला, "किती वळवायचा ते दोघी जावांनी मिळून दाखवा. एकीचं ऐकलं तर दुसरी माझं डोकं खाईल." चर्च उघडायची तारीख कळली, शनिवारी जायचं ठरलं. शुक्रवारी तुझी लेक गाडी घेऊन आली आणि तुला तिच्या गावी घेऊन गेली, कायमची.

आता रविवारी लोक उपासना संपली की माझ्याभोवती जमतात आणि विचारतात, "टिटवी कशी आहे?" माझी तब्येत कोणी विचारत नाही. सुतार मात्र अजून विचारतो, कधी येताय दोघी? किती वळवायचा ते मी एकटी काही दाखवायची नाही. ऑर्गन आहे तसाच आहे, आणि माझं तोंड भिंतीकडे.