खडवलीच्या द्राक्षप्रांताचं बारसं

दारूबंदीच्या ऐन भरात आमच्या घराण्याने खडवलीला एक द्राक्षप्रांत स्थापन केला, आणि तोही माझ्याच हस्ते.

मी तेव्हा नौपाड्यात दारूबंदीची पत्रकं वाटत असे. ('दारुड्या कसा ओळखावा?' हे पत्रक तर मीच लिहिलेलं. पाहिलेला एकही नव्हता, पण संताप भरपूर होता.) अशात कळलं, की सख्ख्या आप्पाकाकांनी खडवलीच्या वाडीत द्राक्षं लावली आहेत. द्राक्षं! दारूची जन्मदात्री! आमच्याच घरात! तडक गेलो.

"काका, हे वेल उपटा!"

"आधी वर बघ. मग ओरड."

वर पाहिलं. मांडवभर घोस, त्यांतून झिरपणारं ऊन आणि मण्यामण्यात दिवा लावल्यासारखा उजेड. आमच्या मातीत हे? पत्रकं हातातून गळाली. (तोंड मिटलं तेव्हा आत एक द्राक्ष होतं. कसं आलं, माहीत नाही.)

"नाशिकसारखा इथेही द्राक्षांचा मुलूख होणार," काका म्हणाले. "त्याला नाव द्यायचंय."

मी जरा नरमलो. "आधी आमच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष रस चाखतील. नापसंत झाला तर वेल उपटायचे. कबूल?"

काकांनी वेलावरून हात फिरवला. "कबूल."

आत्याने पहिल्या घोसांचा रस काढून बरणीत भरला. अध्यक्षांचं येणं लांबत गेलं, चैत्र तापत गेला, आणि आत्या लोणच्याच्या हिशेबाने बरणी ढवळत राहिली. "मुरू दे रे! मुरलं की गोडी येते."

अखेर अध्यक्ष आले, तर आत्या अडून बसली. "नाव ठेवायचं म्हणजे बारसं, बारसं म्हणजे पाळणा, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा!"

झालं! बरणीचं झाकण दोरीने करकचून बांधलं, तिला कुंची घातली, पाळण्यात निजवलं. बायका गात झोके देऊ लागल्या. बरणी आतून गुरगुरली.

"अगं, बाळ रडतंय!" काकू म्हणाली. "जोरात हलव!"

फटाक! झाकण उडालं आणि अध्यक्षांची टोपी घेऊन मांडवात अडकलं! सगळे थक्क. अध्यक्षांनी तर हातच जोडले. "काय ही भूमी! काय हे तेज!"

पेले भरले. अडचण एकच. जमलेल्यांपैकी कुणीही जन्मात दारू चाखलेली नव्हती. ओळखणार कोण?

"जिभेला चिमटे काढतंय हो," अध्यक्ष म्हणाले.

"नव्या मातीचा गुण!" मी ठणकावलं आणि माझा पेला पुन्हा भरून घेतला.

थोड्या वेळाने अध्यक्ष काकांच्या गळ्यात पडले. "वेल उपटा? कोण म्हणतो? त्याला आधी एक पत्रक द्या!" काका आनंदाने रडू लागले. मला तर साऱ्या वाडीत देव दिसत होता. मी ओट्यावर चढून आयुष्यातलं सर्वांत जळजळीत भाषण ठोकलं.

"मेल्या, नाव मी ठेवायचंय!" आत्या ओरडली. पण मी जाहीर करून मोकळा झालो होतो, "निर्व्यसनी द्राक्षप्रांत, खडवली!" टाळ्या कडाडल्या. मी उतरायला पाय टाकला, आणि तिथे जमीनच नव्हती!

दुसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सुजलेला पाय पाहिला, मग माझं तोंड हुंगलं. "काल काय घेतलं होतंस?"

मी संतापून त्यांच्या हातात माझं पत्रक कोंबलं. त्यांनी चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, "'दारुडा उंचावर चढून भाषण करतो व उतरताना पडतो.' अरे वा! कुणी लिहिलंय रे?"

वेल वाचले, त्या नावाची पाटीही लागली. पत्रकाची दुसरी आवृत्ती मात्र मी स्वानुभवाने बरीच वाढवून काढली.