साखर नसल्याचं दुःख

गुडघ्यांमुळे मला जिना उतरवेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करायला आठवड्याला एक इंजेक्शन असतं, पण महाग आहे. विम्यात बसतं का, विचारून या."

आमचा विमा एजंट वळसंगचा, लांबच्या नात्यातला. काय विचारायचं ते सकाळपासून मनात घोळवत होते, तरी त्याच्याशी स्वतःच्या लठ्ठपणाबद्दल बोलायची लाज वाटत होती. घरात सून होती, म्हणून रखरखत्या उन्हात गॅलरीत जाऊन फोन लावला.

"काकू, नुसत्या वजनासाठी मिळत न्हाय," तो म्हणाला. "साखर हाय का तुमाला? असती तर विचारून बघितलं असतं की."

"नाही रे. परवाच तपासली."

"मग अवघड हाय."

माझी आई साखरेनं गेली. शेवटी शेवटी तिला माझा चेहराही दिसत नव्हता. तरी त्या दुपारी, आपल्याला साखर नाही याचं मला वाईट वाटलं आणि मग स्वतःचीच भीती वाटली.

आत आले तर सुनेनं विचारलं, "कुणाचा फोन होता?"

"असाच," मी म्हणाले.

डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की विम्यात बसत नाही. त्यांनी मान हलवली, जुन्याच गोळ्या लिहून दिल्या आणि रोज थोडं चालायला सांगितलं.