बदकाच्या चोचीचा डायनासोर आणि थोरली जाऊ

बायांनो, आज मी सूड उगवला!

नव्वदच्या दशकात पेणला लेकानं दाखवलेल्या चित्रावरून गणपतीच्या उरल्या मातीचा चोचवाला डायनासोर केला, तोंडात आंब्याचं पान दिलं. थोरली जाऊ सगळ्यांसमोर हसली, "डायनासोर कधी पाला खातो काय गो?" लेक रडला.

आज नातवाच्या पुस्तकात तोच सापडला. चोचीनं पाला तोडायचा, मागच्या दातांनी दळायचा, कळपानं फिरायचा. एसटीनं रोह्याला जावेकडे गेले, अक्षरं लावत मोठ्यानं वाचलं.

"चुकलं गो. माझ्या नातीला एक करून दे."

"देते ताई. आधी तिला सांगा, तेव्हा कोण हसलं?"

सांगावंच लागलं! नात म्हणाली, "आजी, तू एवढी दुष्ट होतीस?"

जेवण काय गोड लागलं! तुमचा कुणावर राहिलाय गो सूड?