काकांचं फ्रेंच

‘‘एपार्न्ये! म्हणजे बचत करा,’’ असं फ्रेंचमध्ये बजावून झालं की काका लगेच मराठीत पुस्ती जोडायचे, ‘‘अर्थात, झेपलं तर.’’

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या फ्रेंचच्या वर्गात आम्ही दोघंच मराठी. मी तेवीस वर्षांची, ते साठीचे, सरकारी कारकुनीतून नुकतेच निवृत्त झालेले. आर. के. पुरमचं क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं होतं आणि नोएडात बुक केलेल्या फ्लॅटचे हप्ते पेन्शनमध्ये बसत नव्हते. गुडगावात तेव्हा परदेशी बँकांची कामं करणारी काचेची ऑफिसं उभी राहत होती. तिथे फ्रेंच ग्राहकांशी फोनवर बोलणारी माणसं हवी होती. जाहिरातीत वयाची अट नव्हती. काकांनी तेवढंच वाचलं आणि वर्गाची फी भरली.

आमच्या बाई पैशांच्या व्यवहारातली आज्ञार्थी वाक्यं घोकून घ्यायच्या. खातं तपासा, इथे सही करा, शुक्रवारपर्यंत पैसे भरा. काकांचे उच्चार सगळ्यांत चोख. पण आवाज? साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहिल्यासारखा. बाई वैतागायच्या, ‘‘ऑर्डर दीजिए सर, अर्ज़ी नहीं!’’ वर्ग हसायचा, काकाही हसायचे. काकूंनी दिलेला चिवडा वाटतानासुद्धा ‘‘चालेल ना?’’ विचारायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याच्याकडून आपण हक्काने काम करून घेतो आणि चहाला त्याला बोलवायचं विसरतो.

निवडीच्या दिवशी आम्ही एकाच बसने गेलो. चाचणीपुरता परीक्षकच थकबाकीदार ग्राहक झाला होता. काकांनी त्याला फ्रेंचमध्ये सांगितलं, शुक्रवारपर्यंत पैसे भरा. तो म्हणाला, बायको आजारी आहे. झालं! काका म्हणाले, मग आधी त्यांच्याकडे बघा, मी साहेबांना विचारतो. फ्रेंच अगदी शुद्ध होतं.

‘‘आप सख़्ती से नहीं बोल सकते?’’ परीक्षकाने विचारलं.

‘‘सर, पैंतीस साल फ़ाइल पर ‘आदेशार्थ प्रस्तुत’ लिखा है. आदेश देने की नौबत ही नहीं आई.’’

मलाही त्याने तीच आजारी बायको सांगितली. मी बधले नाही. नोकरी मला मिळाली.

बसस्टॉपवर काका म्हणाले, ‘‘बेटा, जमलं तर माझी पुन्हा चाचणी घेतील का, तेवढं विचारशील?’’ मी हो म्हटलं आणि विचारलं नाही. नवी नोकरी, नवे साहेब; आज नको, उद्या बघू, असं करत तीन महिने गेले. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारची पंजाबी आंटी बाहेर आली. ‘‘वो तो पिछले हफ़्ते अकोला चले गए, भाई के पास. नोएडा वाला फ़्लैट भी छोड़ना पड़ा.’’ मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, ‘‘तुम गुड़गांव वाली हो ना? हाथ जोड़कर कह गए थे, लड़की थकी हुई आएगी, चाय पिला दीजिएगा.’’

मला नको होता चहा. तरी कुलपाकडे पाठ करून मी सगळा कप संपवला. त्यांचं तेवढं तरी ऐकायला हवं होतं.