पळसाच्या पानावरचं ऑइल

इंजिन ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलं की त्या वासानं मला ब्रह्मपुरीचं ते दुकान आठवतं. काकांच्या काळीपिवळी जीपमध्ये नागभीडच्या सवाऱ्या बसल्या होत्या आणि काका पळसाचं पान तिरपं धरून उभे होते. पानावर एक थेंब आमच्या आधीच्या डब्यात उरलेल्या ऑइलचा होता, दुसरा दुकानदाराच्या नव्या डब्यातला. आमचा थेंब हळूहळू सरकला, नवा पाण्यासारखा घसरला. "दोन्हीवर घट्टपणाची एकच ग्रेड छापली हाय, भाऊ," दुकानदार म्हणाला. "छापलेलं मले दिसून राह्यलं," काका म्हणाले. "तुमचीबी जीप डिझेलचीच हाय. तिच्यात हे टाकता का?" दुकानदारानं नव्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. आता गाडी मी चालवतो. डब्यावरचं वाचतोच, पण आधी विकणाऱ्याला काकांचा प्रश्न विचारतो आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.